ऐहिक रॉक संगीत ऐकताना विश्वासणाऱ्याने पारख कशी करावी?

प्रश्न

प्रभूच्या नावाने सर्वांना नमस्कार. प्रश्न जरा विस्ताराने मांडतो, कारण नुसते "रॉक ऐकावे की ऐकू नये" असे विचारले तर मिळणारे उत्तर मला आधीच ठाऊक आहे आणि त्याने माझे समाधान होत नाही.

मी गेली चार वर्षे मंडळीच्या उपासनेत गिटार वाजवतो. हे वाद्य मी हाती घेतले ते उपासनेसाठी नव्हे. विश्वासात येण्यापूर्वी दिवसदिवस रॉक ऐकत, एकेक तुकडा मागे नेऊन पुन्हा ऐकत, बोटांच्या टोकांना घट्टे पडेपर्यंत वाजवत मी शिकलो, आणि आज गीतांना साथ करताना हातात जी थोडीफार सफाई आहे ती तिथूनच आलेली आहे. गेल्या महिन्यात तरुणांच्या सभेत एका वडीलधाऱ्या बंधूंनी आम्हा सर्वांना फोनमधली सारी जगिक गाणी पुसून टाकण्यास सांगितले. त्यांनी तीन कारणे दिली. कुसंगतीने नीती बिघडते असे पौलाने करिंथकरांना बजावले आहे आणि गाणी हीदेखील संगतच आहे, हे पहिले. रॉकचा ठेकाच मुळी देहवासना चाळवण्यासाठी जन्माला आला, हे दुसरे. काही गाणी उलटी वाजवली तर त्यांत सैतानाचे संदेश ऐकू येतात, हे तिसरे.

त्यांच्याविषयी मला आदर आहे, म्हणून त्याच रात्री मी पुसायला बसलो. दोनशेच्या वर गाणी गेली, आणि मग एका गाण्यापाशी अंगठा थांबला. वडील गेल्यानंतर एका गायकाने लिहिलेले ते गाणे आहे. त्यात देवाचे नाव नाही, पुनरुत्थानाची आशा नाही. एक मुलगा आपल्या वडिलांना हाक मारतो आणि उत्तर येत नाही, एवढेच आहे. माझे वडील वारले तेव्हा सांत्वनाला आलेल्या प्रत्येकाने मला वचने ऐकवली, मी प्रत्येकाला "आमेन" म्हणालो, पण डोळ्यांतून टिपूस आले नाही. आठव्या रात्री हे गाणे लागले आणि पहिल्यांदा बांध फुटला. त्यानंतरच मी स्तोत्रसंहिता उघडली आणि कितीतरी दिवसांनी खरी प्रार्थना केली. हे गाणे मी पापाच्या यादीत कसे घालू?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याआधी काही महिने मी एक अल्बम सलग तीन आठवडे ऐकत होतो. त्यात एकही शिवी नव्हती, अश्लील काही नव्हते, चाली तर अप्रतिम होत्या. पण सगळ्या गाण्यांचा सूर एकच होता: मला कोणी समजून घेतले नाही, आणि ज्यांनी घेतले नाही ते सगळे क्षुद्र आहेत. एके संध्याकाळी धाकट्या बहिणीने दारातच काहीतरी साधे विचारले, बहुधा दिवस कसा गेला एवढेच, आणि मी जे उत्तर दिले त्यात तो गायक ज्या तुच्छतेने शब्द तोडतो ती तुच्छता जशीच्या तशी होती. तिचा चेहरा उतरला. तो आवाज माझा नव्हता हे मला तेव्हाच कळले. हा अल्बम मात्र त्या रात्री मी सगळ्यांत आधी पुसला नाही. चाली आवडतात म्हणून शेवटपर्यंत राखून ठेवला होता.

म्हणून विचारतो: ज्याने मला प्रार्थनेकडे नेले आणि ज्याने मला बहिणीपासून तोडले, ती दोन्ही जर "जगिक" या एकाच शब्दात बसत असतील, तर तो शब्द पारख करायला पुरेसा आहे का? आणि नसेल, तर दुसरे माप कोणते?

उत्तर १

तुमच्या वडीलधाऱ्या बंधूंच्या जागी मी एकेकाळी होतो, म्हणून आधी त्यांच्या बाजूने एक शब्द बोलतो. विश्वासात आल्यावर मी माझ्या कॅसेटी फोडल्या होत्या. नुसत्या टाकल्या नाहीत, तर एकेकीची फीत बोटांनी ओढून काढली, आणि त्या तपकिरी फितीचा गुडघ्याएवढा ढीग झाला तेव्हा मला हलके वाटले. त्यातल्या काही कॅसेटी फोडल्याचे मला आजही समाधान आहे, कारण त्या ऐकताना मी मनाने कुठे असायचो हे मला माहीत आहे. जो माणूस तरुणांना "हे सोडा" म्हणतो तो बहुतेक वेळा कोणाला तरी बुडताना पाहिलेला असतो.

पण मी फीत ओढली ती गाण्यांची. माझा मत्सर जसाच्या तसा राहिला. वर्षभरात तोच मत्सर गायकवृंदात एकेरी गाणे कोणाला मिळाले यावरून बाहेर आला, तेव्हा सोबतीला एकही जगिक गाणे नव्हते. बाहेरून माणसात जाणारे त्याला विटाळत नाही, अंतःकरणातून निघणारे विटाळते, हे प्रभूचे बोल (मार्क ७) मला त्या दिवशी कळले.

आता त्यांच्या कारणांकडे वळतो. "कुसंगतीने नीती बिघडते" ही ओळ पौलाची स्वतःची नाही. ती ग्रीक नाटककार मेनांडर याच्या एका सुखात्मिकेतली मानली जाते. म्हणजे ऐहिक कलेपासून दूर राहण्यासाठी जे वचन पुढे केले जाते ते स्वतःच ऐहिक रंगभूमीवरून आलेले आहे. अथेन्समध्ये अरीयपगावर उभा राहून "आपण वास्तविक त्याचा वंश आहो" असे पौल म्हणतो (प्रेषितांची कृत्ये १७:२८), तेही ग्रीक कवी अराताच्या काव्यातले आहे, आणि मूळ कवितेत ते झ्यूसला उद्देशून आहे. पौलाने या ओळी ऐकल्या होत्या, ध्यानात ठेवल्या होत्या, आणि त्यांतले खरे काय ते वेगळे काढून प्रभूच्या सेवेला लावले होते.

यावरून इशारा खोटा ठरत नाही, उलट तो अधिक नेमका होतो. १ करिंथकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायात हे वचन कुठे येते ते पाहा. पुनरुत्थान नाही असे म्हणणाऱ्यांविषयी पौल बोलत आहे, आणि लगेच आधीच्या वचनात त्यांच्या विचाराचा शेवट काय तो सांगतो: खाऊ, पिऊ, कारण उद्या मरायचे आहे. पौलाला खुपणारी कुसंगती ही आहे. आता तुमच्या अल्बमांकडे या कानाने ऐका. अगदी गोड चालीत, नेमक्या याच शब्दांत नसेल पण याच अर्थाने, "आजची रात्र एवढीच खरी" असे शिकवणारी कितीतरी गाणी निघतील, आणि त्यांच्यावर कोणी बोट ठेवत नाही. वडिलांना हाक मारणारा मुलगा मात्र असे काही शिकवत नाही. मृत्यू ही साधी गोष्ट नाही, तो शत्रू आहे, एवढेच तो सांगतो, आणि त्याच अध्यायात पौलही मृत्यूला शेवटचा शत्रू म्हणतो.

उलट्या संदेशांविषयी थोडक्यात. १९९० साली अमेरिकेतील नेव्हाडा राज्यात जूडास प्रीस्ट या बँडवर गाण्यात असे छुपे संदेश असल्याच्या आरोपाचा खटला चालला आणि न्यायाधीशांनी बँडला जबाबदार धरले नाही. ध्वनी उलटा वाजवला की काहीबाही ऐकू येते, आणि काय ऐकायचे ते आधी सांगितले असेल तर नक्कीच ऐकू येते. माझी तक्रार वेगळी आहे: आपण उलट्या शब्दांत सैतान शोधत बसतो आणि सुलट, स्वच्छ उच्चारलेले शब्द काय म्हणतात ते ऐकतच नाही. १९६६ साली, बीटल्स आता येशूपेक्षा लोकप्रिय आहेत या जॉन लेननच्या विधानावरून अमेरिकेच्या दक्षिण भागात बीटल्सच्या तबकड्यांच्या होळ्या पेटल्या. तरुणांमधून ख्रिस्ती विश्वास ओसरत चालला आहे, हे त्या विधानामागचे दुखणे होते. त्यावर मंडळ्यांनी शांतपणे बसून विचार केला असता तर अधिक हाती लागले असते असे मला वाटते.

उत्तर २

मी मंडळीच्या गायकवृंदाचे काम पाहते आणि मुलांना संगीत शिकवते, त्यामुळे ठेक्याविषयी बोलल्याशिवाय मला राहवत नाही.

रॉकचा ठेका पापातून जन्मला हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. त्याची मुळे ब्लूजमध्ये आहेत तशीच कृष्णवर्णीय अमेरिकन मंडळ्यांच्या उपासनेत आहेत. १९१५ साली जन्मलेल्या सिस्टर रोझेटा थार्प यांची आई मंडळीत उपदेश करीत असे. मुलगी लहानपणापासून उपासनेत गिटार वाजवीत मोठी झाली आणि पुढे इलेक्ट्रिक गिटारवर भक्तिगीते गाताना तिने जो बाज निर्माण केला तो रॉक अँड रोलच्या पहिल्या पिढीने उचलला. १९३८ साली ती रात्रीच्या क्लबांतही गायली तेव्हा मंडळीतल्या लोकांनी नाके मुरडली. एल्व्हिस प्रेस्लीला मिळालेले तिन्ही स्पर्धात्मक ग्रॅमी पुरस्कार भक्तिगीतांच्या ध्वनिमुद्रणांसाठी होते. दुसऱ्या टोकाला लिटल रिचर्ड १९५७ साली रॉक सोडून ईश्वरविद्या शिकायला गेला आणि १९६२ साली परतला. त्याची ओढाताण खरी होती आणि तिची थट्टा करू नये. एवढे सगळे सांगण्याचे कारण हे की "मंडळीचे" आणि "जगाचे" यांच्यामधली भिंत या संगीतात पहिल्या दिवसापासून सलग नव्हती.

तरीही "ठेका निर्दोष आहे, शब्द तेवढे पाहा" या सोप्या उत्तराशी मी सहमत नाही. नाद शरीरावर काम करतो. दावीद वीणा वाजवी तेव्हा शौलाला आराम पडे (१ शमुवेल १६:२३), आणि तिथे शब्दांचा उल्लेखही नाही. जे संगीत शांत करू शकते ते भडकवूही शकते. प्राचीन मंडळीचा आचार्य ऑगस्टिन याने आपल्या आत्मनिवेदनात स्तोत्रगायनाविषयी कबूल केले आहे की गायिलेल्या आशयापेक्षा गायनच मनाला अधिक हलवू लागले की तो ते पाप मानतो आणि अशा वेळी गाणारा ऐकू न आलेलाच बरा असे त्याला वाटते. लक्षात घ्या, तो मंडळीतल्या गायनाविषयी बोलत आहे. म्हणजे गाणे कोणत्या कपाटातले आहे यावर हा धोका अवलंबून नाही. आमोसाच्या पुस्तकात (५:२३) परमेश्वर ज्या गीतांचा गोंगाट दूर करा म्हणतो तीही उपासनेचीच गीते होती. उपासनेच्या सरावात मी कितीदा पाहिले आहे की ड्रम चढत जातात, दिवे मंदावतात, सगळे हात वर होतात, आणि नंतर कोणाला विचारावे तर गीताचे दुसरे कडवे काय होते ते सांगता येत नाही. तिथेही पारख लागते.

आता फिलिप्पैकरांस पत्र ४:८. हे वचन या विषयात सगळेच देतात, आणि आपल्या मराठी शास्त्रात त्यात एक शब्द आहे ज्याने आपली थोडी दिशाभूल होते: "जे काही श्रवणीय". आपण "श्रवणीय" म्हणजे कानाला गोड असे समजतो, आणि मग मृदू गाणी उत्तीर्ण होतात, कर्कश गाणी नापास होतात. मूळ ग्रीक शब्दाचा रोख गोडव्याकडे नाही. ज्याविषयी चांगले बोलले जाते, ज्याचे नाव चांगले आहे, असा त्याचा भाव आहे. शिवाय यादीची सुरुवात "जे काही सत्य" अशी होते. फाटलेल्या आवाजात, गिटारच्या करकरीत गायिलेला खरा शोक या यादीत बसतो. ८८ वे स्तोत्र पाहा. इतर बहुतेक विलापगीते शेवटी तरी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपते, आणि तरी ते कोरहाच्या वंशजांच्या, म्हणजे मंदिराच्या गायकांच्या गीतसंग्रहात आहे. तुमच्या त्या गाण्याला मी या स्तोत्राच्या बरोबरीला बसवत नाही, कारण स्तोत्रकर्ता अंधारातही देवालाच हाक मारतो आणि तुमचा गायक रिकाम्या घराला. पण हाक खरी आहे, आणि ती ऐकून तुम्ही ज्याच्याकडे गेलात तो ऐकणारा आहे.

उलटपक्षी, अत्यंत सुरेल प्रेमगीत जर हे सांगत असेल की एका माणसाच्या मिळण्याने तुझी सगळी तहान भागेल, तर ते असत्य आहे. मला विचाराल तर अशा गाण्यांनी जितक्या तरुण मनांची फसवणूक होते तितकी आरडाओरडीने होत नाही.

उत्तर ३

मी फार लिहिणार नाही. मी व्यसनातून बाहेर आलेला माणूस आहे आणि मी हे संगीत पूर्ण सोडले आहे.

वर दोघांनी जे लिहिले ते मला पटते, आणि तरी माझ्यासाठी त्याचा उपयोग नाही. ज्या वर्षांत मी नशेत होतो त्या वर्षांत खोलीत सतत तीच गाणी वाजत असत. गाण्यांचे शब्द कदाचित निरुपद्रवी असतील, मी कधी नीट ऐकलेही नाहीत. पण आजही सरावाच्या आधी कोणी गिटार सुरात लावता लावता त्या काळातली एखादी धून छेडली की माझे तळहात थंड पडतात आणि जिभेवर ती जुनी चव येते. मग पुढची दहा मिनिटे मी उपासनेत नसतो, त्या खोलीत असतो.

पौल रोमकरांस चौदाव्या अध्यायात म्हणतो की कोणताही पदार्थ स्वतः अशुद्ध नाही, पण ज्याला तो अशुद्ध वाटतो त्याच्यासाठी तो अशुद्धच आहे. मी तो माणूस आहे. माझा निर्णय मी तुमच्यावर लादत नाही आणि तुमचा तुम्ही माझ्यावर लादू नये. एकच विनंती आहे. तुम्ही उपासनेत गिटार वाजवता. वाद्य सुरात लावताना जे सहज हातातून निघते ते कोणाच्या कानावर पडते आहे, इतके पाहाल का? तुमच्याही मंडळीत माझ्यासारखा कोणीतरी मागच्या बाकावर असेल आणि तो हे कधी बोलून दाखवणार नाही.

उत्तर ४

पालक म्हणून एक मुद्दा जोडते. आमच्या घरात पंधरा वर्षांची मुलगी आहे आणि तिच्याशी या विषयावर बोलताना मला एका गोष्टीचा उपयोग झाला: गाण्यात जे दाखवले आहे ते गाण्याला मान्य आहे का, हे आधी ठरवायचे. अमेरिकेत १९८५ साली काही पालकांच्या आग्रहावरून सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली आणि त्यानंतर अल्बमांवर पालकांसाठी इशाऱ्याची चिठ्ठी येऊ लागली. ती चिठ्ठी उपयोगी आहे, मी पाहते. पण ती कानावर पडणारे शब्द मोजते, गाण्याचा हेतू तिला कळत नाही. प्रश्नकर्त्या बंधूंच्या त्या अल्बमवर ती नव्हतीच.

पवित्र शास्त्रातले एक जुने उदाहरण घ्या. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात एकविसाव्या वचनात तंतुवाद्ये आणि पावा वाजवणाऱ्यांचा मूळपुरुष युबाल येतो, आणि दोनच वचने पुढे त्याचा बाप लामेख आपल्या बायकांना एक गीत ऐकवतो: मला जखम केली म्हणून मी माणूस मारला, काइनाचा सूड सातपट तर माझा सत्त्याहत्तरपट. ते कवितेच्या रूपात आहे, त्याला लय आहे, आणि ते निव्वळ दर्पोक्ती आहे. शास्त्राने ते गाळले नाही. आपण ते वाचावे आणि ओळखावे म्हणून ठेवले. मुलीला मी हे वाचून दाखवले तेव्हा ती लगेच म्हणाली की असे एक गाणे तिच्या यादीत आहे. कोणते, ते तिने सांगितले नाही, मी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी तिने ते स्वतःच काढून टाकले. त्याच यादीतले दुसरे एक गाणे, ज्यात मारामारीचे वर्णन होते आणि जे मला ऐकवत नव्हते, ते मात्र तिने ठेवले, आणि शब्द समोर घेऊन वाचल्यावर मला दिसले की ते मार खाणाऱ्याच्या बाजूने लिहिलेले होते. तिथे तिची पारख माझ्यापेक्षा चांगली निघाली.

प्रश्नकर्त्याकडून

आपण सर्वांनी वेळ देऊन लिहिलेत, मी मनापासून आभारी आहे. या आठवड्यात जे केले ते सांगतो.

तो अल्बम पुसला, तोही शेवटी एकदा पूर्ण ऐकून, शब्द समोर ठेवून. वाचताना लक्षात आले की अकरा गाण्यांत "क्षमा" या अर्थाचा एकही शब्द नाही. चाली इतक्या चांगल्या होत्या की हे मला तीन आठवड्यांत दिसले नव्हते. बहिणीला त्या संध्याकाळबद्दल क्षमा मागितली. ती म्हणाली की तिला वाटले होते तिचेच काहीतरी चुकले.

वडिलांचे गाणे ठेवले आहे. ऐकताना आता एक करतो: ते संपले की पुढचे आपोआप सुरू होऊ देत नाही, आणि ८८ वे स्तोत्र मोठ्याने वाचतो.

आमच्या वडीलधाऱ्या बंधूंना भेटलो. मेनांडरविषयी त्यांना सांगितले नाही. वाद जिंकायला आलो आहे असे वाटले असते. बहिणीची आणि वडिलांच्या गाण्याची, दोन्ही गोष्टी सांगितल्या. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी ते गाणे ऐकायला मागितले. त्यांना ते आवडले नाही, आवाज फार कर्कश वाटला. पण त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकले, आणि त्यांचे स्वतःचे वडील गेले तेव्हा त्यांना प्रार्थना किती दिवस करता आली नव्हती ते मला सांगितले.

तिसरे उत्तर लिहिणाऱ्या बंधूंसाठी: रविवारी मी गिटार घरूनच सुरात लावून आणली, आणि सरावाच्या आधी तिला हात लावला नाही.